सॉलोमन काकांची शनिवारची पेज

मी काल सॉलोमन काकांच्या मातीला नव्हतो.

सकाळपासून फोनवर तेच चाललंय. एवढा जीव लावला त्या माणसाने आणि हा फिरकला पण नाही. मुलीने नकार दिला त्याचा राग बापाच्या मातीवर काढला.

रात्री तिचाही मेसेज आला. "तू येशील असं वाटलं होतं."

एवढाच.

तिला तिथेच रिप्लाय करता आला असता. पण बोलणारे खूप आहेत, म्हणून इथे लिहितोय. एकदाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. काका आमच्या भोईवाड्यातल्या मराठी चर्चचे. दर शनिवारी त्या मंडळीचे लोक हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर पेज वाटतात. कॅन्सरचे पेशंट आणि त्यांची माणसं, गावाहून आलेली, प्लास्टिक बांधून महिनोन्महिने तिथेच राहणारी.

पेज काका बनवायचे. उकड्या तांदळाची.

दोन पातेली. एकात घट्ट, नातेवाइकांसाठी, वर लोणच्याची फोड. दुसऱ्यात फडक्यातून गाळलेली, पेशंटसाठी. ज्याच्या जबड्याचं ऑपरेशन झालंय त्याला एक शीतसुद्धा गिळता येत नाही. नळीवाल्यांचं तर विचारूच नका.

मी तिथे सेवा करायला गेलो नव्हतो. कॉलेज सेकंड इयरला सोडलेलं, कुरियरची बाईक चालवत होतो. सिग्नलला थांबलो आणि तिला वाढताना बघितलं. पुढच्या शनिवारी बाईक लावून वाढणाऱ्यांत शिरलो.

ती काकांची मुलगी आहे हे नंतर कळलं.

चाळीतले मित्र विचारायचे, "काय रे, बाप्तिस्मा घेतलास काय?"

काकांनी मला प्रार्थनेला बस असं कधीच म्हटलं नाही. पहिल्या दिवशी फक्त माझे हात बघितले आणि म्हणाले, "नखं काप आणि ये."

मला बघितलं की आधी तेच "जय भीम" म्हणायचे. मग मी "सलाम काका". त्यांच्यात सलाम म्हणतात.

आता ती गोष्ट, जी सगळ्यांना माहितीये पण अर्धीच.

पातेलं उचलता उचलता मी काकांना सरळ विचारलं होतं. तुमच्या मुलीशी लग्न करायचंय.

काका म्हणाले, "तिला विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

"मग माझ्याकडे अपील घेऊन आलास? हे काय भोईवाडा कोर्ट आहे? चल, त्या बाजूची कडी धर. पेज थंड होतेय."

मी कडी सोडली आणि निघून गेलो. डोकं फिरलं की माझं असंच होतं. बरेच शनिवार गेलोच नाही.

परत गेलो तेव्हा वाटलं, आता लेक्चर. काकांनी माझ्या हातात फडकं दिलं. "धर. गाळ."

बस. विषय संपला. तिचा साखरपुडा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पण मीच गाळत होतो.

शुक्रवारी पहाटे काका प्रभूत निजले. हे त्यांच्या मंडळीतले शब्द, मला आवडतात.

शनिवारी चारला शिवडीला दफन ठरलं. चार म्हणजे पेजेची वेळ. चर्चच्या सेक्रेटरींनी पेजसेवेच्या ग्रुपवर टाकलं, "आज पेजसेवा बंद राहील."

मी लिहिलं, "काकांना विचारलंत का?"

कोणीतरी म्हणालं, वेळ बघून बोल. मी ग्रुप सोडला.

आई चहा गाळत होती. म्हणाली, "ग्रुप सोडलास, छान केलंस. आता तांदूळ कोण धुणार?"

पातेली चर्चच्या किचनमध्ये, किचनला कुलूप. मग विहारातली आणली, चौदा एप्रिलच्या जेवणाची. कांबळे आजोबांनी चावी देताना विचारलं, "कोणाचं कार्य रे?"

मी म्हटलं, "सॉलोमन काकांचं."

"ते पेजवाले? मग मोठं ने."

चाळीच्या गॅलरीत आईने शिजवली, मी गाळली. शेजारच्या टेम्पोतून फुटपाथवर नेली.

तिथे परभणीच्या एक मावशी आहेत. त्यांच्या नवऱ्याचा अर्धा जबडा काढलाय. वाटी पुढे करत त्यांनी विचारलं, "म्हातारबा न्हाई आले?"

मी सांगितलं. काका गेले. आत्ता माती चालू असेल.

त्यांनी वाटी खाली ठेवली. "आन् तू हितं काय करायलास?"

"पेज कोण वाढणार, मावशी?"

त्यांनी माझ्या हातातला डाव काढून घेतला. "मला हात न्हाईत व्हय? जा, पळ."

पळालो. शिवडीला पोचलो तेव्हा सगळं झालं होतं. माती लोटलेली, वर फुलं, माणसं गेलेली. मी एक मूठ माती टाकली. हाताला पेज सुकलेली होती, धुवायचं राहून गेलं होतं.

म्हणून नव्हतो मी. राग नव्हता कसला.

आता हे फक्त तुझ्यासाठी. किचनची चावी काकांच्या चॉकलेटी पँटच्या खिशात असेल. कपडे कोणाला द्यायच्या आधी बघ. ती मला देऊ नकोस, सेक्रेटरींना दे. त्यांची माफी मी मागेन, ग्रुपवर परत पण येईन.

किंवा शनिवारी तूच घेऊन ये. होणाऱ्या नवऱ्यालाही आण. पातेलं एकट्याने उचलवत नाही, दुसरी कडी धरायला कोणीतरी लागतं. मी भांडणार नाही.

नखं मात्र कापून यायला सांग.

काका, या वेळी मी आधी म्हणतो.

सलाम. निजा आता. शनिवारची पेज पोचली.