काकांना बूट चावत नसत

बूटवाल्या काकांचे पाय मेले होते, आणि ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत. आता पाय मेल्याचं कौतुक कोणी करतं का? पण माणूस एकदा स्वतःवर खूश झाला की त्याला कशाचंही कौतुक वाटतं.

दोन जिन्यांच्या मधली लांबट खोली म्हणजे त्यांचं दुकान. पुढे काचेचं कपाट, मागे भिंतभर लाकडी ठोकळे, खिडकीखाली पायाने चालवायचं शिलाई मशीन. माप घेऊन बूट करणारे हल्ली राहिलेत किती! काकांकडे गिऱ्हाईक टिकून होतं, कारण त्यांच्या कामात खोट नसायची. जोड हातावेगळा करण्याआधी ते दोन्ही बुटांत दोन-दोन बोटं घालून तळ चाचपून बघत. एखादा खिळा वर आलेला नाही ना, अस्तराला घडी पडलेली नाही ना. हे केल्याशिवाय एकही जोड त्यांनी दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता.

मधुमेह त्यांना पंचेचाळिसाव्या वर्षी कळला. हा पाहुणा कधी एकटा येत नाही, गोतावळा घेऊन येतो. पाठोपाठ रक्तदाब आला, मग डोळ्यांच्या मागे काहीतरी बिघडलं, मग मूत्रपिंडांवर लक्ष ठेवा म्हणून सांगण्यात आलं. सकाळी उठून बोट टोचायचं, पोटावर सुई घ्यायची, अर्ध्या तासाने खायचं, गोळ्या जेवणाआधीच्या वेगळ्या, नंतरच्या वेगळ्या. जास्त खाल्लं तर साखर चढते, काम लागलं म्हणून जेवायला उशीर झाला तर उतरते. एकदा अशीच उतरली तेव्हा काकांनी डाव्या बुटाला उजवा तळ चिकटवला आणि घामाघूम होऊन, हे असं कसं झालं म्हणत बघत बसले. काकूंनी तोंडात साखर कोंबली तेव्हा कुठे ताळ्यावर आले.

काकू म्हणजे त्यांची बायको. घरातला अर्धा मधुमेह त्याच सांभाळायच्या म्हटलं तरी चालेल. काकांचं पथ्य म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्या पोराची गत. रक्त तपासायच्या आधी चार दिवस चहात साखर नाही, बिस्किटाला हात नाही, सकाळी चालून येणं. आकडा चांगला आला की त्याच संध्याकाळी बक्षीस म्हणून दोन केक. डॉक्टरांनी मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करायला लावली आणि सगळं पितळ उघडं पडलं. काका म्हणाले, हे यंत्र चहाडखोर आहे.

पायांची आग व्हायला लागली तेव्हा मात्र ते घाबरले. चादर लागली तरी सोसायची नाही. दोन वर्षं हा त्रास काढला आणि मग हळूहळू आग थांबली. सुंठीवाचून खोकला गेला, असं काका समजले. डॉक्टरांनी पायाला बारीक तार टेकवून डोळे मिटायला सांगितलं, कुठे लागतंय विचारलं. काकांना कुठेच लागत नव्हतं. डॉक्टरांनी काकूंनाच बजावलं, यांच्या पायाला आता काही कळणार नाही, तेव्हा रोज तळवे तुम्ही बघायचे. बोटांच्या बेचक्यांत सुद्धा. बारीक ओरखडा दिसला तरी त्याच दिवशी घेऊन यायचं.

सात वर्षं काकूंनी बघितले. रोज संध्याकाळी स्टूल ओढायचं, दिवा जवळ घ्यायचा, नवऱ्याचे पाय मांडीवर घ्यायचे आणि तांदूळ निवडावेत तसे एकेक बोट बाजूला करून बघायचं. दोनदा फोड सापडला, दोन्ही वेळा आठवड्यात बरा झाला. काका तेवढा वेळ पेपर वाचत कुरकुरायचे.

आणि इकडे दुकानात त्यांनी भलतंच सुरू केलं होतं. एका मास्तरांचे नवे बूट चावत होते. कातडं ताठ, पाय घातला की टाच सोलून निघायची. काका म्हणाले, "ठेवा दोन दिवस. मी घालून वापरून देतो, मला काही बूट चावत नाहीत." दोन दिवसांनी बूट लोण्यासारखे मऊ. झालं, बोलबाला झाला. काकांच्या मापाच्या जवळपासचा ज्याचा म्हणून पाय होता, तो आपले चावरे बूट घेऊन यायला लागला. जे चाळीस वर्षांच्या कारागिरीने मिळालं नव्हतं ते कौतुक काकांना मेलेल्या पायांनी मिळवून दिलं. रोगाचा फायदा करून घेणारा मीच पहिला, असं ते म्हणायचे. दुसऱ्याच्या पायाला एवढं जपणाऱ्या माणसाने आपल्या पायाशी असं वागावं, याला काय म्हणायचं? दुसऱ्याला सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

काकूंना हे कळलं एका दुपारी. डबा द्यायला दुकानात आल्या तर काका कोणाच्या तरी टोकदार बुटांत पाय कोंबून मशीन चालवत बसलेले. काकूंचा तोल गेला. चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी ते बूट काढायला लावले, मोजे काढायला लावले आणि तिथेच खाली बसून तळवे बघितले. एक वकील हसत म्हणाले, काका, तुमच्या घरचं कोर्ट फार कडक दिसतंय. सगळे हसले. काकाही हसले, पण कानशिलं तापली होती.

घरी आल्यावर त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, रागाच्या भरातलं बोलणं म्हणून सोडून देता आलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "आजपासून माझ्या पायांचं नाव काढायचं नाही. काढलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, हे ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टूल कोपऱ्यातून हललं नाही. काकांनी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत निवांत वाचला आणि त्यांना सुटल्यासारखं वाटलं. माणसाला कधी कशाने सुटल्यासारखं वाटेल, सांगता येत नाही.

दोनेक महिन्यांनी त्याच वकिलांचा नवा काळा जोड तयार झाला. साहेबांना सोमवारी घालायचा होता आणि ताठ बूट नको होता. काकांनी सकाळीच पाय घातले आणि दिवसभर त्यातच वावरले. मशीनचं पायडल मारलं, बाजारातून कातडं आणलं, दोन जिने चढले-उतरले. संध्याकाळी बूट उतरवले आणि शिरस्त्याप्रमाणे आत बोटं घालून चाचपलं. उजव्या बुटात अंगठ्याखाली खिळ्याचं टोक बोटाला टोचलं. काका चक्क खूश झाले. बघा, गिऱ्हाइकाच्या पायात गेलं असतं तर! हातोडीने टोक सपाट केलं, पुन्हा चाचपलं, बूट पुसून कपाटात ठेवला. बोटाला टोचलेलं टोक दिवसभर आपल्या पायाखाली होतं, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. बोटाने सांगितलं तेवढंच त्यांना कळलं. पाय तर सांगणं कधीच बंद करून बसला होता.

तिसऱ्या आठवड्यात त्यांना थंडी वाजून ताप भरला. साखर एवढी चढली की घरच्या यंत्रावर आकडाच उमटेना. खोलीत एक वास यायला लागला होता, तो काकांना चिकटवायच्या डिंकाचा वाटत होता. रविवारी लेक आली. ती शाळेत शिकवायची, दर रविवारी आईबापांकडे यायची. तिने दारातच नाक मुरडलं, आत येऊन पांघरूण दूर केलं आणि बापाला रिक्षात घालून सरळ दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि पाय वाचवता येतो का ते बघू, असं म्हणाले. मग विचारलं, जखम कधीची आहे? काका म्हणाले, असेल काल-परवाची.

काकू खाली बघत म्हणाल्या, "सतरा दिवस झाले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. लेक वळून आईकडे बघत राहिली. काकू म्हणाल्या, मोजे मीच धुते, मोज्याला डाग होता.

"मग त्याच दिवशी का नाही आणलंत?" डॉक्टर म्हणाले. "नुसत्या मलमपट्टीने बरं झालं असतं हो."

काकांना त्या क्षणी सगळं कळलं. काकूंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. आता ही सांगणार, असं वाटून त्यांनी डोळे मिटले.

"घरातल्या कामात राहून गेलं," काकू म्हणाल्या. "माझंच चुकलं."

काका गप्प राहिले. पुढे ते स्वतःची समजूत घालायचे की तेव्हा अंगात ताप होता, शुद्ध नव्हती. ताप होता हे खरं. पण जीभ शाबूत होती आणि शुद्धही होती.

आधी दोन बोटं काढली. आठवडाभर सगळे आशेवर होते. मग चवडा काळा पडला आणि डॉक्टरांनी सांगितलं, पाय राखायला जाल तर माणूस हातचा जाईल. उजवा पाय गुडघ्याखाली कापला. काका घरी आले ते कुबड्यांवर. मशीन विकायचं नाही असं त्यांनी सांगितलं, पण ते कोण चालवणार हे कोणी विचारलं नाही.

लेकीने महिनाभर रजा घेतली. बापाचं ड्रेसिंग, साखरेची वही, सुया, सगळं ती बघायची. बापाशी बोलताना तिचा आवाज मऊ असायचा. आईशी ती कामापुरतं बोलायची. एकदा तिला राहवलं नाही. आई, मोजा हातात घेऊन दोरीवर वाळत घातलास, आणि तुला काहीच वाटलं नाही? काकू भांडी पुसत राहिल्या. काकांनी वही उचलली आणि कालचा आकडा पुन्हा वाचला.

हे त्यांना सोसवेना. कापलेल्या पायाची बोटं अजून दुखतात असं त्यांना वाटायचं, आणि त्या दुखण्यापेक्षा हे वाईट होतं. एका दुपारी लेक औषधं आणायला गेली होती. काकू पलंगाशेजारी बसून आठवड्याच्या गोळ्या डबीच्या सात खणांत भरत होत्या.

काका म्हणाले, "आज तिला सांगून टाकतो. मीच तुझं तोंड बंद केलं होतं."

काकूंनी गुरुवारचा खण भरला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी मोजा घेऊन दुकानाकडे आले होते. अर्ध्या जिन्यात तुमचं हसणं ऐकू आलं. गिऱ्हाईक होतं आत. मागच्या वेळचं आठवलं आणि परत फिरले."

त्यांनी शुक्रवारचा खणही भरला.

"नका सांगू तिला," काकू म्हणाल्या. "तुमचं सगळं तिलाच करायचंय अजून. मायेने करतेय, करू दे. राग माझ्यावरच राहू दे. मी धडधाकट आहे, मला झेपेल."

तेवढ्यात दार वाजलं. लेक पिशवी घेऊन आत आली, बापाच्या कपाळावर हात ठेवून बघितला, ठणका कमी आहे का विचारलं. मग आईकडे न बघता म्हणाली, दुपारच्या गोळ्या वेळेवर दिल्यास का?

काका बोलू शकत होते. शब्द तोंडाशी आले होते.

"दिल्या तिने," ते म्हणाले, आणि उशीला टेकले.

पाय गेल्याचं दुःख काकांनी भेटेल त्याला सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण त्या दुपारी लेकीचा हात कपाळावर होता, काकू डबी बंद करून आत गेल्या, आणि काकांना हायसं वाटलं. ते मात्र त्यांनी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.