गुप्ते काकूंची तालीम

कोपरच्या इमारतीत आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच रविवारी शेजारच्या घरातून भांडणाचा आवाज ऐकू आला. गळती वरच्या गच्चीतूनच होते आहे, असे एक बाई ठामपणे सांगत होती. समोरचा माणूस पावसाला, बिल्डरला आणि शेवटी बाईंच्या नशिबाला दोष देत होता. दोन्ही आवाज मात्र संशय यावा इतके सारखे होते. न राहवून मी बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंनी एक बोट वर करून मला थोपवले. "थांब हं, सेक्रेटरींचं एक वाक्य राहिलंय." आवाज जाड करून त्यांनी ते वाक्य पुरे केले, त्याला सणसणीत उत्तर दिले आणि मग हसून म्हणाल्या, "ये, आत ये. मीटिंग संध्याकाळी आहे."

या गुप्ते काकू. प्राथमिक शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवले आणि स्नेहसंमेलनाची नाटके बसवली. शाळेतून निवृत्त झाल्या तरी तालमीतून निवृत्त झाल्या नाहीत. बँकेत जायचे असले की आधी घरात कॅशियर अवतरायचा; दवाखान्यात जायचे असले की डॉक्टर. माझ्या नोकरीच्या मुलाखतीआधी त्यांनी मला खुर्चीवरून उठवले होते. "उभी राहून बोल, मुग्धा. बसून पाठ केलेलं उभं राहिलं की पळून जातं." ती नोकरी मला मिळाली. ठाण्याच्या त्या कंपनीत मी यंत्रांच्या आभासी प्रतिकृती तयार करते: यंत्र प्रत्यक्षात फिरण्याआधी संगणकात फिरवून पाहायचे. काकूंचे आणि माझे काम मुळात एकच आहे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

काकूंची मुलगी अनघा फिनलंडला असते. तिच्याकडे जायचे ठरले, तिकीट आले आणि त्यासोबत एक अपमानही आला. मुलाने, समीरदादाने, त्यांच्या नावाने विमानतळावर चाकांची खुर्ची मागवली होती. काकू रोज सकाळी खाडीच्या दिशेने लांब फेरी मारून येत. त्यांच्या पायांना काही झालेले नव्हते. परंतु इंग्रजी न येणाऱ्या आईवडिलांना खुर्चीत बसवले की ढकलणारा माणूस त्यांना बरोबर पुढच्या विमानापर्यंत नेतो, ही युक्ती आपल्याकडे घरोघरी माहीत आहे.

"म्हणजे तोंड चालत नाही म्हणून पाय बांधायचे?" काकू माझ्यासमोर कडाडल्या. "मी चालत जाणार. मध्ये विमान बदलायचं, पासपोर्ट दाखवायचा, साहेबाला उत्तरं द्यायची. सगळं माझं मी."

मी म्हटले, "मग काकू, साहेब मी आणते."

त्यांच्या फोनवर मी कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक सहायक सुरू करून दिला आणि त्याला परदेशातल्या पासपोर्ट अधिकाऱ्याची भूमिका दिली. दुपारी काकू भिजवून मोड आणलेले वाल सोलायला बसत, स्टीलच्या डब्याला टेकवून फोन ठेवत आणि बिरड्याची तयारी होता होता चौकशी चाले. दोन दिवसांत त्यांची तक्रार आली. "हा फार गोड बोलतो गं. माझ्या प्रत्येक उत्तराला छान छान म्हणतो. दिवाळसणाला आलेला जावई असा बोलतो, साहेब नाही." मी त्याला तुसडा होण्याची सूचना दिली. त्याने बॅगेत काय आहे असे दरडावून विचारले. काकूंनी वाल म्हटल्यावर बियाणे आणायला परवानगी नाही असे बजावले. काकूंनी हातातला वाल त्याला दाखवला, जणू त्याला दिसणार होता, आणि त्याची साले कशी काढतात, खोबरे केव्हा घालतात हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत शेवटपर्यंत सांगितले. अखेर साहेब विरघळला. वाल मात्र घरीच ठेवायचे, असे आम्ही ठरवले.

पुढची पायरी म्हणून मी ऑफिसमधून परवानगी काढून आभासी वास्तवाचा एक जुना चष्मा आणला. तो डोळ्यांवर चढवला की चहूबाजूंनी विमानतळ उभा राहायचा: पाट्या, सरकते जिने, माणसांची रांग. काकू हॉलमध्ये फिरत, सोफ्याला धडकत आणि "सॉरी हं" म्हणत सोफ्याचीच माफी मागत. एकदा त्या लांबलचक रांगेत उभ्या होत्या. जरा वेळाने त्यांनी खांद्यावरची खरी पर्स काढून जमिनीवर ठेवली, मागच्या काल्पनिक गृहस्थाला "माझा नंबर आहे हं इथे, जरा टेकते" असे सांगितले आणि बाजूला झाल्या.

"काकू, बॅग सोडून जायचं नाही! बॉम्ब समजतील!"

"अगं, मी सांगून आले ना त्यांना!"

रेशनच्या दुकानापासून लग्नातल्या पंगतीपर्यंत पिशवी ठेवून जागा धरणाऱ्या समाजाची प्रतिनिधी मला प्रथमच इतक्या शास्त्रीय परिस्थितीत पाहायला मिळाली. ती एक सवय मोडायला आम्हाला इंग्रजीपेक्षा जास्त कष्ट पडले.

काकूंची प्रगती उत्तम होती. म्हणून एका रविवारी समीरदादाला परीक्षेला बोलावले. आई पास झाली तर खुर्ची रद्द, असा करार ठरला. तो समोर बसला आणि त्याने साधा प्रश्न विचारला: कुठे चाललात, किती दिवस? काकूंनी तोंड उघडले आणि शब्दच फुटेना. त्याने मदतीसाठी पहिला शब्द पुरवला, तेव्हा त्या उरलेलेही विसरल्या.

"बघ," तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, काळजी होती.

मी वकिली केली. यंत्राशी बोलताना त्या अडखळत नाहीत, चष्मा लावून त्या सगळे दरवाजे बरोबर शोधतात, असे एकेक सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. "मुग्धा, तुझं सगळं बरोबर असेल. पण तुझा विमानतळ खोटा आहे गं, आणि माझी आई खरी आहे. ती तिकडे हरवली तर मी इथून काय करू?"

खुर्ची राहिली. तो गेल्यावर मी खट्टू झाले, काकू मात्र पुन्हा वाल घेऊन बसल्या. "तोंड पाडू नकोस. पहिल्या रांगेत घरचं माणूस दिसलं की भल्याभल्या नटांची वाक्यं जातात. तिकडे समीर नसणार. लाव तुझा तुसडा साहेब."

निघण्याच्या दिवशी विमानतळाच्या दारापर्यंतच आम्हाला जाता आले. समीरदादाने तीनदा सांगितले, "आई, खुर्ची येईल, बस हं." काकूंनी त्याच्या गालावरून हात फिरवला. "येऊ दे. आलेल्या माणसाला नाही म्हणू नये." मला वाटले, त्यांनी हार मानली. पदर सारखा करून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाजी संदेश आला. तो मी आणि समीरदादाने फोन मध्ये ठेवून एकत्र ऐकला.

"मुग्धा, पोचले गं! ऐक. विमानाच्या दारात माझ्या नावाची पाटी घेऊन माणूस उभा, खुर्ची घेऊन. मी म्हटलं, थँक यू, आय वॉक. तो म्हणाला, ड्यूटी आहे, सोडून जाता येत नाही. मी म्हटलं, ये मग. मी पुढे, रिकामी खुर्ची मागे. पाट्या मीच वाचत होते, एकदा तर तोच चुकीच्या दिशेला वळत होता, मी त्याला हाक मारली! मग साहेब. त्यानं खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. विचारतो, पॅसेंजर कुठे आहे? मी म्हटलं, पॅसेंजर मी! मग त्यानं विचारलं, बरोबर कोण आहे? मी म्हटलं, नोबडी. तर बिचारा एकदम हळवा झाला गं. म्हणाला, अलोन?"

काकूंच्या आवाजामागे अनघाच्या घरात कुणीतरी हसत होते. समीरदादाने फोन उचलून कानाला लावला.

"मी ताठ उभी राहिले आणि म्हटलं, येस. अलोन. व्हेरी नाइस!"