उदाजीरावांचा स्वच्छ काठ

उदाजीराव पागेवर होते म्हणजे घोड्यावर बसत असतील असं कोणी समजू नये. ते घोड्यांना चंदी घालत. सकाळी तेवढं काम उरकलं की उरलेला जन्म तळ्यावर गळ टाकून बसण्यात जायचा. ही गोष्ट एकोणीसशे आठ सालच्या आसपासची. माळव्यातल्या देवासात तेव्हा एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला एकाचा अंमल, त्या कडेला दुसऱ्याचा. गावाबाहेरच्या तळ्याचीही तीच तऱ्हा. मधोमध सीमेचा दगडी खांब, अलीकडचं पाणी धाकट्यांचं, पलीकडचं थोरल्यांचं. मासे तेवढे बेइमान, दोन्हीकडे फिरायचे.

उदाजीराव धाकट्या पातीचे, आणि त्यांच्याइतका स्वच्छ माणूस तळ्यावर दुसरा नव्हता. बसण्याआधी ते काठ झाडून घेत. भाकरी खाऊन झाली की पत्रावळ, कांद्याची सालं, आंबलेले कणकेचे गोळे, गुंतलेली दोरी, वाकडे गळ असं सगळं एका धोंड्याभोवती गुंडाळत, उभे राहत आणि गोफणीने भिरकावून देत. बोचकं खांबापलीकडे पडलं की मिशीवरून हात फिरवत. कचरा परराज्यात गेला, आता त्याची काळजी परराज्याने करावी!

समोरच्या काठावर थोरल्या पागेतला संताजी बसायचा. तोही असाच स्वच्छ. त्याची बोचकी अलीकडे यायची. दोघांचीही ताकद बेताची असल्यामुळे निम्मा कचरा खांबापाशी, लव्हाळ्यातच पडायचा. दोघेही गळाची दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळत. धाकट्या पागेतले घोडे पांढरे, थोरल्या पागेतले काळे, आणि दोन्हीकडच्या जनावरांना माशा वारण्यापुरती शेपूट उरली नव्हती. एवढं करून मासा कोणालाच लागत नसे.

काठ दोन्ही लख्ख, आणि मधलं पाणी हिरवंगार, नाक धरावं असं. मासे पोट वर करून तरंगायला लागले तेव्हा उदाजीराव म्हणाले, थोरल्यांनी विष कालवलंय. संताजी नेमकं हेच धाकट्यांबद्दल सांगत सुटला. मला तर आजही या दोघांचे कान उपटावेसे वाटतात.

खांबाजवळच्या लव्हाळ्यात दरसाल सारसांची जोडी घरटं करायची. उदाजीरावांची बायको सुभद्रा त्या जोडीला भारी जीव लावून होती. नवरा तळ्यावरून आला की काय मिळालं हे ती विचारत नसे, मिळालेलं नसणार हे ठरलेलंच. सारस बरे आहेत ना, एवढंच विचारायची.

श्रावणातल्या एका सकाळी ती धावतच पागेत आली. "अहो, चला आधी! सारसाचा पाय कशात तरी अडकलाय. सुटायला धडपडतोय, आणि मादी अंड्यांवरून उठून त्याच्यापाशी ओरडत उभी आहे. अंडी गार पडली तर संपलं सगळं."

उदाजीराव काठावर गेले. सारस खांबाला लागून पंख आपटत होता, पायाला दोरी आणि दोरीला पत्रावळ. उदाजीरावांनी हाक मारली, "ओ संताजी भिया! तुझी दोरी आहे, ये, सोडव!"

"माझी? माझ्या दोरीत जन्मात काही अडकलंय का?"

"मग माझ्या तरी अडकलंय का?"

पेच असा पडला की जो सोडवायला जाईल त्याने कचरा आपला म्हणून कबूल केल्यासारखं होणार, आणि एकट्याची नव्हे, अख्ख्या पातीची मान खाली जाणार. दोन्ही काठांवर माणसं जमली. अडकलेला पाय कुठल्या राज्यात आहे यावर वाद जुंपला. पाय पाण्याखाली, त्यामुळे वादाला काही तोटा नव्हता. कपडे धुणारा एक माळवी म्हातारा वैतागून म्हणाला, "भिया, पंछी मरी जायगा! राज पछे बांटजो!" राज्यं मागाहून वाटा म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्याला दोन्ही राज्यांनी मिळून गप्प बसवलं. पावसाची झड लागली तशी माणसं घरी गेली. सारस तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी काठांवर पुन्हा माणसं जमली. सुभद्रेने विळा उचलला, पदर खोचला आणि ती सरळ पाण्यात शिरली. "माझं माहेर धारचं," ती ओरडून म्हणाली, "तुमच्या दोन्ही पात्या मला सारख्याच!"

बायको पाण्यात आणि आपण काठावर, हे चारचौघांत बरं दिसेना म्हणून उदाजीराव उतरले. ते सीमेकडे निघालेले पाहून संताजीही घाईघाईने उतरला. सारसाने पहिली चोच उदाजीरावांच्या डोक्यावर हाणली, दुसरी संताजीच्या. निःपक्षपाती न्याय म्हणतात तो हा! अखेर संताजीने फेटा सोडून त्याच्या डोळ्यांवर टाकला तेव्हा तो शांत झाला. उदाजीरावांनी त्याचा पाय वर उचलला. दोरी काळी होती आणि पांढरीही, दोन्ही एकमेकींत अशा वळल्या गेल्या होत्या की वेगळ्या काढता येऊ नयेत. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. सुभद्रेने विळा पुढे केला.

दोरी तुटली, सारस उडाला, आणि त्या दोरीत अडकलेला गळ उदाजीरावांच्या अंगठ्यात रुतला. "गळाला काहीतरी लागलं बुवा!" म्हणून सगळे हसले. मग पक्षी आपल्याच माणसाने सोडवला असा दोन्ही काठांवर जयजयकार चालला. सुभद्रा लव्हाळ्यात घरट्यापाशी उभी होती. दोन अंडी होती. तिने तळवा ठेवून पाहिला आणि हात काढून घेतला.

त्यानंतर दोघांनी मिळून खांबापासला कचरा टोपल्या भरभरून काढला. त्यातही कोणाची टोपली मोठी यावरून भांडले, ते सोडा. पाणी निवळलं. सारसांची जोडी घरट्यावर परतली आणि आळीपाळीने अंड्यांवर बसू लागली. उदाजीराव आता गळ न घेता तळ्यावर जात आणि घरट्याकडे बघत बसत.

श्रावण संपला, भादवा संपत आला. एका संध्याकाळी त्यांनी घरी येऊन विचारलं, "अजून बसलेत गं. पिल्लं बाहेर यायची वेळ झाली नाही का?"

"केव्हाच होऊन गेली."

"मग उठत का नाहीत?"

सुभद्रा भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं नाही.

"अंडी गार पडलीत हे त्यांना कोण सांगणार? तुम्ही सांगता?"