जिन्याखालचा सभासद

विशेष शिक्षण विभागाच्या मॅडमना विद्यार्थी पाठीमागे 'तिपाई' म्हणत. शिकवणं, संशोधन आणि सेवा असे तिचे तीन पाय. विद्यापीठाचा नियमच तसा: बढती हवी तर तिन्ही पाय सारखे भरून दाखवा. सकाळी त्या भावी शिक्षकांना अपंग मुलांना वर्गात कसं सामावून घ्यावं ते शिकवत, दुपारी त्यावरच शोधनिबंध लिहीत आणि संध्याकाळी समित्यांवर बसत. समिती म्हणजे सेवा. सेवा कोणाची, असं विचारणाऱ्याला समितीवर घेत नसत.

घरी मुलगी म्हणायची, "आई, माझीही एक समिती काढ ना. बैठकीला तरी भेटशील."

"अध्यक्ष तिलाच कर," नवरा ताटं मांडता मांडता म्हणायचा, "म्हणजे तुला यावंच लागेल."

मॅडम हसायच्या आणि डाव्या हाताने निबंधाची पानं उलटत जेवायच्या. एक ना धड भाराभर चिंध्या. पण त्या चिंध्यांची गोधडी त्यांना चांगली उबदार वाटत होती.

मागच्या मुलाखतीत सेवेचा पाय आखूड भरला आणि बढती हातची गेली. ती खुर्ची मिळाली त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एका पोराला. ते पोर आता त्यांना "मॅडम, जरा बघून घ्या" म्हणायचं, आणि ते 'जरा' त्यांना दिवसभर टोचायचं. निवृत्ती जवळ आलेली, म्हणजे ही शेवटची संधी. या वेळी डीनसाहेबांनी सांगून ठेवलं होतं, "ज्यांच्यासाठी काम केलं त्यातला एखादा माणूस समोर आणा. कागद सगळेच आणतात."

माणूस होता. मॅडम 'अडथळामुक्त परिसर समिती'च्या अध्यक्ष होत्या आणि व्हीलचेअरवरचे मास्तर त्या समितीचे सभासद. ते त्यांचेच जुने विद्यार्थी, आता शाळेत गणित शिकवत.

"मास्तर, माझ्याबद्दल दोन शब्द बोलाल?"

"बोलेन की. तुम्ही बोलावलंत आणि मी आलो नाही, असं कधी झालंय?"

मुलाखतीच्या दिवशी मॅडम तिसऱ्या मजल्यावर दाराबाहेर बसल्या होत्या. फोन वाजला.

"मॅडम, आलोय मी."

"मग या ना वर!"

पलीकडून एकच शब्द आला, "वर?"

मॅडमना आत्ता कुठे उमगलं. वर्गातील अडथळ्यांवर शोधनिबंधांचा ढीग रचणाऱ्या बाईने व्हीलचेअरवरच्या माणसाला तीन मजले वर बोलावलं होतं. त्या धावत खाली आल्या. मोडक्या बाकांच्या ढिगाऱ्याशेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून, मास्तर बसले होते.

"लिफ्ट कुठंय हो?" मॅडमनी स्टुलावरच्या शिपायाला विचारलं.

"ठरावात आहे," शिपाई म्हणाला. "तुमच्याच समितीच्या."

"मग असं करा, आणखी एकाला बोलवा. दोघं मिळून यांना उचलून..."

"मॅडम," मास्तर म्हणाले, "मी काय कपाट आहे? न विचारता माणसाला उचलणं म्हणजे त्याला सामान करणं. पहिल्या वर्षाचा पहिलाच तास. तुम्हीच घेतला होता."

मॅडम व्हीलचेअरपासून एक पाऊल मागे सरल्या. शिपायाने मात्र तोंड उघडलं. "आणि यांना वर नेऊन फायदा काय? समितीतून काढलंय ना यांना. सलग तीन बैठकांना गैरहजर."

"गैरहजर?" मास्तरांचा आवाज चढला. "अरे, बैठक वर आणि मी प्रत्येक वेळी इथं खालीच होतो! तूच पाणी दिलंस मला. वर निरोप दिला होतास ना?"

"दिला होता. वरून सांगितलं, चालू द्या."

मॅडमना आठवलं. वर्गाला उशीर होत होता, निबंधाची मुदत त्याच दिवशी होती, आणि पुढ्यात आलेल्या गैरहजरांच्या कागदावर त्यांनी न वाचताच, उभ्या उभ्या सही ठोकली होती. शिपायाने दारातून डोकं घातलं तेव्हा मान वर न करता 'चालू द्या' म्हणालेला आवाजही त्यांचाच होता.

"सही माझीच आहे, मास्तर."

"माहीत नव्हतं," मास्तर म्हणाले. "नाहीतर शर्टाला इस्त्री केली नसती."

वरून हाक आली. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून डीनसाहेब वाकून बघत होते. "मॅडम, तुमचा नंबर! साक्षीदाराचं राहू द्या, तुम्ही या. आम्ही समजून घेऊ."

समजूनच घेणार होते. वर चढून दोन गोड वाक्यं बोलायची, की तिसरा पाय भरला. मॅडमनी पहिल्या पायरीवर पाय ठेवलासुद्धा. मग तो मागे घेतला, आणि मोडक्यातला त्यातल्या त्यात धड बाक ओढून मास्तरांशेजारी बसल्या.

"साहेब, साक्षीदार खाली आहे. तुम्हीच या!"

"खाली?" डीनसाहेबांना जणू विहिरीत उतरायला सांगितलं होतं. "अहो, पाच जणांची समिती आहे! माझे गुडघे बघा!"

"म्हणून तर लिफ्टचा ठराव केला होता साहेब!" शिपाई खालून ओरडला. मास्तर पहिल्यांदा हसले.

कठड्याशी जमलेली समितीची डोकी एकेक करून आत गेली. खूप वेळ गेला. मुलीचा फोन आला, "आई, झाली का मुलाखत?"

"चालू आहे," मॅडम म्हणाल्या.

शेवटी आतल्या कारकुनाने कठड्याशी येऊन, घसा साफ करून, निर्णय वाचून दाखवला: "उमेदवार गैरहजर."

मास्तरांनी बाकाकडे, मग मॅडमकडे पाहिलं. "अजून दोनदा, मॅडम. मग तुम्हालाही काढतील."