छातीतली धडधड

मन माझं, मग त्यात काय चाललंय हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला कळणार? बावन्न वर्षं मी याच तोऱ्यात होते. गेल्या हिवाळ्यात आमच्या नंदनवन वस्तीतल्या मैदानावर माझ्या लेकीने तो पार उतरवला.

ती मला स्कूटी शिकवत होती. चौथ्या दिवशी ती मागून उतरली आणि मला एकटीला पाठवलं. मी अख्ख्या मैदानाला फेरी मारून आले. थांबले तेव्हा छाती धडधडत होती, तळवे ओले झाले होते. किल्ली काढून सरळ तिच्या हातात ठेवली.

"बस झालं. मले भीती वाटून राहिली. उद्यापासून मी येणार नाही."

"काहून वं आई? तू तं हसून राहिली होती!"

"माह्या मनातलं मले कळंल का तुले?"

"मले दिसलं ना. वळणावर तं दात काढून हसून राहिली होती."

अस्सा राग आला! कालची पोर, मला माझं मन सांगणार! तिला खोटं पाडायलाच पुन्हा बसले. या वेळी लक्ष सगळं आत. धडधड होती, अगदी तीच. पण ब्रेक दाबावासा वाटतोय का? छे! वळण आलं तसा हात आणखीच वेग देत होता. गाल दुखायला लागले तेव्हा कळलं, मी खरंच हसतेय. अगं बाई, ही भीती नव्हतीच! हा निखळ आनंद होता. मी जोरात ओरडले. फिरायला आलेले दोन आजोबा दचकून बाजूला झाले.

लहानपणी माझा श्वास जरा फुलला की घरचे म्हणायचे, "घाबरली पोरगी." तेच नाव मी धरून बसले. आत कधी नीट पाहिलंच नाही, पाहतेय असं आपलं समजत राहिले.

पाच फेऱ्या झाल्या, तरी थांबवेना. सहाव्या फेरीत मात्र एकदम आठवलं. बाविसाव्या वर्षी शाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. आतून माझं नाव पुकारलं, छाती अशीच धडधडली आणि मी जिना उतरून घरी आले. तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेय, मला तेव्हा फार भीती वाटली होती.

मी गाडी थांबवली. लेक धावत आली.

"काय झालं वं? भीती वाटली का?"

"थांब," मी म्हटलं. "पाहू दे मले."