मथुराबाईंची जागा आणि आमचे गुडघे

दुखणाऱ्या माणसांना एका हॉलमध्ये रोज तासभर कोंडून ठेवलं की किस्से आपोआप साठतात. पहिली दहा मिनिटं कण्हण्यात जातात आणि उरलेली पन्नास बोलण्यात! माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. पाय किती सुधारला ते डॉक्टर सांगतील, पण तोंड चांगलंच सुटलंय. मैत्रिणी फोन करतात तेव्हा "कसं वाटतंय?" असं कुणी विचारतच नाही. थेट "आज काय झालं?"

तर आमचा हॉल पंचवटीत, एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर. सहा खुर्च्या, दोन पलंग, धरून चालायला भिंतीला लावलेला दांडा, आणि आमच्यावर राज्य करणारी फिजिओथेरपिस्ट केतकी. अकराच्या बॅचला आम्ही तिघं कायमचे. मी, म्हणजे शाळेतली रिटायर्ड पी.टी.ची बाई, उजवा गुडघा नवा. चांदवडकडचे कांदेवाले भामरे नाना, दोन्ही गुडघे नवे, त्यासाठी नाशकात मुलीकडे येऊन राहिलेले. आणि मथुराबाई, पस्तीस वर्षं गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठच्या बाजारात, पालेभाजी विकणाऱ्या, डावा गुडघा नवा. तिघांत मिळून चार नवे गुडघे आणि दोन जुने. तेवढ्यावर आमचा कारभार चालतो.

*

आमच्याकडे कुणी नमस्कार करत नाही. आल्या आल्या विचारायचं, "किती?" म्हणजे गुडघा किती डिग्री वाकला. केतकी कोन मोजते आणि आकडा जाहीर करते, की लगेच इतरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मला त्र्याण्णव आणि मथुराबाईंना शंभर मिळाले, त्या दिवशी मी घरी जाऊन नीट जेवलेसुद्धा नाही. हसू नका, खरं सांगतेय!

एकदा भामरे नाना रिक्षातून घरी जाताना बायकोला फोनवर ओरडून सांगत होते, "अगं, पंच्याण्णव पडले! पंच्याण्णव!" रिक्षावाला खूश. मागे वळून म्हणाला, "नातवाचा निकाल का, नाना? सायन्सलाच घाला बरं त्याला!"

नाना म्हणाले, "नातू नाय रे बाबा, उजवा गुडघा. डाव्याला सत्तरच पडले. त्याला आर्ट्सला घालतो!"

*

केतकीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यात माझीच फजिती आहे.

पहिल्या दिवशी तिने माझा पाय धरला आणि हळूच मागे दाबला. मी अशी किंचाळले की बाहेरचा चहावाला डोकावून गेला. "सोड! बास! उद्या कर!" मी रडकुंडीला आले होते.

तिने सोडलं नाही. शांतपणे म्हणाली, "बाई, मी आठवी ब. मला धाप लागली म्हणून मी मैदानात मधेच बसले होते. तुम्ही म्हणालात, जो रडेल त्याला दहा जास्त."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. दोन वेण्या, काळ्या फ्रेमचा चष्मा, कायम शेवटी धावणारी मुलगी! म्हटलं, "अगं, तू होतीस होय ती? चुकलं माझं."

"चुकलं नाही, बाई. फार उपयोग होतो त्या वाक्याचा," ती म्हणाली आणि दहा जास्त करून घेतले.

*

आता मथुराबाईंचं दुखणं सांगते. त्यांचं खरं दुखणं गुडघ्याचं नव्हतंच.

डॉक्टरांनी बजावलं, आता जमिनीवर बसायचं नाही. कधीच नाही. मथुराबाई म्हणाल्या, "मग काय झाडावर बसू? भाजी जमिनीवर अन् मी अधांतरी?" डॉक्टर हसले, पण त्या हसत नव्हत्या. गंगेवरच्या त्या ओळीत सगळ्या बायका जमिनीवर बसतात. आपलं पोतं अंथरायचं, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवायचे, ती आपली जागा. लिहिलेलं कुठे काही नाही. जागा पंधरा दिवस रिकामी दिसली की तिसराच कुणी पोतं टाकतो, आणि मग भांडूनही उपयोग नसतो.

"ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कळ अशी आली बाई, की पोतं तिथंच टाकून मुलाच्या गाडीवर बसून आले," त्या मला सांगायच्या. मुलगा पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला, सकाळी जातो तो संध्याकाळीच येतो. जागा धरायला घरात कुणी नाही. सून म्हणते, आई, आता आराम करा. "आराम करायला मी म्हातारी हाय का?" बाईंचं वय एकसष्ट!

आणि शेजारी कोण? हिराबाई! वीतभर जागेवरून वीस वर्षं दोघींचं भांडण. "ती टपूनच बसलेली हाय. मी उठले की तिनं पाय पसरले असतील." व्यायाम करता करता हे रोज एकदा तरी व्हायचंच. पाय वर, हिराबाई. पाय खाली, हिराबाई.

*

मधे आमच्या घरचा एक किस्सा ऐका.

आमच्या ह्यांना पंचेचाळीस वर्षांच्या संसारात गॅस कुठून पेटतो ते माहीत नव्हतं. माझं ऑपरेशन झालं आणि माणूस एकदम कामाला लागला. गुडघ्याला बर्फाने शेकायचं होतं. बर्फाची पिशवी सापडेना, म्हणून ह्यांनी फ्रीझरमधलं मटारचं पाकीट पंच्यात गुंडाळून माझ्या गुडघ्यावर ठेवलं. इतकं छान बसलं म्हणून सांगू! मग रोज तेच. चार वेळा गुडघ्यावर, चार वेळा परत फ्रीझरमध्ये.

पाचव्या दिवशी माझ्या वन्सं मला बघायला आल्या. ह्यांनी उत्साहाने जेवायला थांबवून घेतलं आणि स्वतः उसळ केली. वन्सं म्हणाल्या, "दादा, मटार किती मऊ शिजलेत रे!" आणि दोनदा वाढून घेतली.

मी आणि हे एकमेकांकडे बघत जेवलो. वन्संना अजून सांगितलेलं नाही.

*

दोन महिने झाले तेव्हा केतकीने मला काठी घेऊन एकटीने बाहेर पडायची परवानगी दिली. मथुराबाईंनी माझा हात घट्ट धरला. "बाई, माझं एक काम करा. गंगेवर जाऊन माझी जागा बघून या. पिंपळाच्या डावीकडं, तिसरी."

मी रिक्षाने गेले. पिंपळाच्या डावीकडची तिसरी जागा रिकामी नव्हती. मेथीच्या जुड्यांची ही रास! खालचं पोतंसुद्धा दिसत नव्हतं. आणि शेजारच्या पोत्यावर बसून ठसठशीत कुंकवाची एक बाई दोन्हीकडची गिऱ्हाइकं करत होती. मी विचारलं, "ह्या जागेवर मथुराबाई बसायच्या ना?"

तिने मला काठीपासून केसापर्यंत बघितलं. "मेथी घ्यायची का? नसंल घ्यायची तर सावलीतून सरका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शाळेत असते तर मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या असत्या! पण काठीवर उभी असलेली बाई कुणाला काय शिक्षा करणार? गपचूप परत आले.

दुसऱ्या दिवशी मथुराबाई दारातच उभ्या. "हाय ना जागा?"

मी आयुष्यभर पोरांना खोटं बोलल्याबद्दल उभं केलं. आणि त्या दिवशी तोंड वर करून म्हणाले, "आहे की! आहे तशी आहे."

त्यांनी डोळे पुसले आणि त्या दिवशी एकशे दहा डिग्री वाकल्या. मला मात्र ब्याऐंशीच पडले. केतकी म्हणाली, "बाई, आज गुडघा इतका कडक का?" मी काय सांगणार, कपाळ?

*

भामरे नानांना मी खरं सांगून टाकलं. ते जरा वेळ दाढी खाजवत बसले. मग म्हणाले, "जागेचं तिथं गेल्यावर बघू. लय तर लय भांडू. आधी बाईला खुर्चीवरून विकता तर आलं पाहिजे."

त्यांनी मुलीच्या गाडीतून सहा प्लास्टिकचे क्रेट आणले. तीन-तीन क्रेट एकावर एक, वर फळी, फळीवर मुलीच्या घरातली मेथी-कोथिंबीर, मागे उंच खुर्ची. हॉलमध्ये बाजार भरला! मी गिऱ्हाईक, नाना गिऱ्हाईक.

मथुराबाई आधी लाजल्या. नानांनी मुद्दाम जुडी उचलली आणि म्हणाले, "ही मेथी का गवत? शिळी दिसती."

झालं! मथुराबाई ताडकन उभ्या राहिल्या. "शिळी? सकाळी तोडलीय! डोळं तपासा आधी!" पुन्हा बसल्या. मी म्हटलं, "कोथिंबीर वर घालून द्या हो थोडी." पुन्हा उभ्या! "थोडी थोडी म्हणत आख्खी जुडी न्याल!" वाकून खालच्या क्रेटमधून जुडी काढली, झटकली, पुन्हा बसल्या.

केतकी कोपऱ्यात उभी राहून बोटं मोजत होती. आम्हाला खूण केली, कुणी बोलू नका. अठरा वेळा! दांडा न धरता, खुर्चीच्या हाताला हात न लावता बाई अठरा वेळा उठल्या नि बसल्या. आदल्या दिवशी सहा वेळा म्हटलं तर रडत होत्या.

"झाला व्यायाम," केतकी म्हणाली.

"आं? कधी केला?" मथुराबाई नानांच्या हातातली जुडी ओढून घेत म्हणाल्या.

*

आणि मागच्या सोमवारी डॉक्टरांनी त्यांना परवानगी दिली. खुर्चीवर बसून, दिवसाचे तीन तास.

सकाळी दोन रिक्षा केल्या. एकीत मथुराबाई, मी आणि मेथी. दुसरीत नाना, क्रेट, फळी आणि खुर्ची. बाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या, वाटेत चारदा पदर सारखा केला. खोटं मी बोलले होते, आणि ते आता पाच मिनिटांत उघडं पडणार होतं. दोनदा तोंड उघडलं, सांगून टाकावं म्हणून. पण त्यांचा चेहरा बघितला आणि गिळलं.

पिंपळापाशी उतरलो. डावीकडची तिसरी जागा. मेथीची रास तशीच, आणि हिराबाई तशीच.

मथुराबाई काठी टेकत जागच्या जागी थांबल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ते बघणं मी विसरणार नाही. नानांनी बाह्या सरसावल्या. मी काठी घट्ट धरली आणि पुढे झाले. म्हटलं, "हे बघा हिराबाई..."

हिराबाईंनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्या हात जमिनीला टेकून, "आई गं" करत उठल्या. त्या राशीतल्या जुड्या दोन दोन करून आपल्या पोत्यावर टाकायला लागल्या. रास संपली आणि खालचं पोतं दिसलं. चार कोपऱ्यांना चार दगड. आणि मधोमध खाकी कापडाचं ठिगळ.

"हे माझ्या पोराच्या शाळेच्या चड्डीचं ठिगळ," मथुराबाई हळूच म्हणाल्या. "हे माझं पोतं."

"मग काय माझं?" हिराबाई कडाडल्या. "रिकाम्या पोत्याला कोण मानतंय इथं? माल नको त्याच्यावर? ह्या बाई येऊन गेल्या तवा वाटलं, ह्याच बसायला आल्या, म्हणून हुसकावल्या!"

ओळीतल्या सगळ्या बायका बघत होत्या. नाना खुर्ची हातात धरून तसेच उभे. हिराबाईंनी ती त्यांच्या हातातून ओढली, पोत्यामागे ठेवली आणि पदराने पुसली.

मथुराबाई बसणार, तोच हिराबाईंनी हात आडवा घातला.

"थांब. तीन महिने रोज सकाळी दोन दोन पोती अंथरतेय अन् संध्याकाळी उचलतेय. वाकून वाकून गुडघे गेले माझे! आधी त्या डॉक्टरचा पत्ता सांग, मग बस."