लेकराचा काढा आईनं प्यायचा
दुष्काळाच्या त्या हिवाळ्यात आमच्या गावात सर्दी-तापाची साथ आली आणि माझ्या तान्ह्या मुलाला खोकला धरला. बांधावरचं सगळं वाळून गेलं होतं. हिरवा होता तो एकटा अडुळसा, कारण त्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. सासूबाईंनी पदर भरून त्याचीच पानं आणली.

आमच्याकडची रीत अशी, की अंगावर पिणाऱ्या लेकराला काढा पाजत नाहीत. तो आईनं प्यायचा, दुधातून लेकराला लागतो म्हणतात. म्हणजे खोकला त्याला, कडू मला आणि हुकूम सासूबाईंचा! अडुळसा, सुंठ आणि मिरी चुलीवर निम्म्यावर येईपर्यंत आटवायची. नुसत्या वासानंच माझ्या अंगावर काटा यायचा.

"आत्या, ह्यात गुळाचा खडा तरी टाका की," मी सासूबाईंना म्हणाले.

"गूळ घातला की औषध न्हाय ऱ्हात, पाहुणचार व्हतो," त्या म्हणाल्या.

मी माहेरची लाडावलेली आणि तोंडानं फटकळ. नाक दाबून गटागटा प्यायची आणि मनातल्या मनात त्यांच्या नावानं बोटं मोडायची. तेव्हा त्या मला फार कडक वाटायच्या.

पण मुलाचं नाक इतकं चोंदलं, की त्यानं दूध ओढणंच सोडलं. तोंडात घ्यायचा, श्वास कोंडला की सोडून रडायचा. मग ते रडणंही बारीक होत गेलं. नवरा कामावर परगावी होता. उसाच्या ट्रॅक्टरवर बसून आम्ही दोघीच त्याला ढोकीला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी छाती तपासली, नाकात घालायला थेंब दिले आणि म्हणाले, "दूध तोडू नका. पिळून चमच्यानं पाजा. छाती उडायला लागली तर तसेच इकडं घेऊन या."

मी वाटीत दूध काढून द्यायची आणि सासूबाई चमच्याची कड त्याच्या ओठाला लावून थेंब थेंब आत सोडायच्या. बरंचसं गालावरून ओघळून जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा काढा समोर ठेवला आणि माझा तोल गेला. "लेकरू वडंना झालंय, निम्मं दूध भाईर सांडतंय, म्या कुणासाठी पिऊ?" म्हणत मी वाटी बाजूला सारली.

आता बोलणी खावी लागणार, असं वाटलं. त्यांनी वाटी उचलली आणि निम्मा काढा स्वतःच पिऊन टाकला. तोंड माझ्याहून वाकडं केलं.

"तुमी पिऊन काय व्हनार, आत्या?"

"काय बी न्हाय व्हनार. पर तू एकलीनंच का कडू प्यावं?"

उरलेला मी मुकाट्यानं प्यायले. त्या क्षणी मला त्यांची जी माया वाटली, ती आजतागायत कमी झालेली नाही. त्यानंतरची प्रत्येक वाटी आम्ही निम्मी निम्मी घेतली.

मग एका दुपारी मी त्याला सवयीनं अंगाशी घेतलं आणि तो ओढायला लागला. थेंबांचा गुण, चमच्याचा की काढ्याचा, मला आजही सांगता येणार नाही.

"आत्या, बघा की, वडतंय!"

रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीचं पीठ मळता मळता त्या तशाच उठून आल्या. बोट लुगड्याला पुसून त्यांनी त्याच्या गळ्याला लावलं, घोट उतरतोय का पाहिलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून एवढ्या मोठ्यानं रडल्या, की मुलानं दूध सोडून त्यांच्याकडे पाहिलं.